उष्टी हवा

मागच्या व्हरांड्यात ऊन आले की चिक्कप्पा लाल रबरी नळीचे एक टोक तोंडात धरीत, दुसरे काचेच्या पेटीतल्या पाण्यात सोडीत आणि फुंकू लागत. गाल फुगवून नव्हे, अगदी सावकाश, गरम चहावर फुंकर घालावी तसे. पेटीत पाण्याखाली एक काचेचा पेला पालथा अडकवून ठेवलेला असे. श्वासाचे बुडबुडे त्या पेल्यात जमत आणि पेला हळूहळू हवेने भरून जाई. मग ते नळी पुसून खुंटीला अडकवीत, पाण्यातल्या हिरव्या पानांकडे बघत आणि मोठ्याने म्हणत, "यांचं जेवण झालं. आता माझं बघा कुणीतरी."

चिक्कप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचे घराणे कित्येक पिढ्या बंगळूरचे. घरात मराठी बोलत असलो तरी नाती आम्ही निम्मी कानडीत लावतो. काका हा शब्द मला पुढे बाहेरून आलेल्या मराठी लोकांमुळे माहीत झाला. चिक्कप्पा आता नाहीत, पण आठवतात ते असे, नळीसकट.

ते सरकारी कचेरीत कारकून होते. लग्न केले नव्हते. मी शाळेत असताना त्यांना क्षय झाला आणि ते बरेच महिने सॅनेटोरियममध्ये राहिले. इंजेक्शने झाली, एक ऑपरेशन झाले. रोग गेला असे सांगून डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवले. छातीला व्यायाम म्हणून दोन बाटल्या दिल्या होत्या. त्या नळीने जोडलेल्या असत. एकीत फुंकायचे, म्हणजे तिच्यातले पाणी दुसरीत जाते. मग दुसरीत फुंकून ते परत आणायचे.

"या बाटलीतलं त्या बाटलीत, त्या बाटलीतलं या बाटलीत," चिक्कप्पा म्हणत. "कचेरीत आजवर हेच केलं. आता घरी पण तेच?"

घरी त्यांची सोय मागच्या व्हरांड्यात आणि त्याला लागून असलेल्या खोलीत होती. त्यांची ताटली वेगळी, पेला वेगळा. आईने त्यांचे दूध-अंडे कधी चुकवले नाही. फक्त ताटली उंबऱ्याबाहेर ठेवून ती आत जाई आणि मग ते उचलत. आम्ही सगळे आत पंगतीला बसत असू. "रोग गेला असं डॉक्टर म्हणतात ना?" असे माझ्या थोरल्या बहिणीने, शांताअक्काने, एकदा विचारले, तेव्हा आई म्हणाली, "म्हणेना का. तो ठेवून घेईल का यांना त्याच्या घरी?"

काचेची पेटी चिक्कप्पांनी शिवाजीनगरच्या एका खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याकडून करून घेतली होती. तळाशी वाळू, तळ्यातून आणलेली पाणवनस्पती आणि चार-दोन गप्पी मासे. झाडे काही धरत नव्हती. पाने पिवळी पडून गळत. एक दिवस मी व्हरांड्याच्या दारात बसून विज्ञानाचा धडा पाठ करत होते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते आणि घरात फारसे बोलत नसे.

"काय गं पुटपुटतेस? मराठीत सांग की," चिक्कप्पा म्हणाले.

मला मराठीत सांगता येईना. शब्दच माहीत नव्हते. शेवटी म्हटले, "आपण जी हवा बाहेर टाकतो ना, ती झाडं खातात."

"आपली उष्टी हवा?"

"हो."

चिक्कप्पा इतके हसले की खोकला आला. "म्हणजे माझं उष्टं खाणारं कुणीतरी आहे म्हण की!"

दुसऱ्या दिवशी बाटल्या कोपऱ्यात गेल्या आणि नळी पेटीत आली. आधी बुडबुडे नुसतेच वर येऊन फुटत. तेव्हा त्यांनी पेला पालथा घातला. हवा पाण्याखाली अडकून राहिली की तिच्यातला झाडांच्या उपयोगाचा वायू सावकाश पाण्यात उतरतो, हे त्यांनी पाने बघून ठरवले. काही आठवड्यांत पाने हिरवीगार झाली. दुपारच्या उन्हात पानांच्या टोकांवर बारीक मोत्यांसारखे बुडबुडे धरत आणि एकेक करून वर जात. "बघ," ते मला म्हणत, "फुकट नाही खात. परत देतायत."

उत्साहाच्या भरात ते संध्याकाळीही फुंकू लागले. एका सकाळी सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ करत होते. चिक्कप्पांनी नुसते बघितले आणि म्हणाले, "ही धाप आहे. मला ओळखू येते." त्यांनी निम्मे पाणी बदलले, मासे सावरले. मी पुस्तकात बघून सांगितले की अंधारात झाडे तो वायू खात नाहीत, उलट आपल्यासारखाच बाहेर टाकतात. त्यानंतर ऊन असल्याशिवाय नळी खुंटीवरून निघाली नाही.

बदललेले पाणी ते परसातल्या कढीपत्त्याला घालत. तेव्हापासून आई कढीपत्ता बाजारातून आणू लागली.

पुढे शांताअक्काला बघायला बेळगावकडची मंडळी यायची ठरली. मुलगा इथेच कारखान्यात इंजिनिअर होता. आदल्या दिवशी आई व्हरांड्याच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"भावजी, उद्या तुम्ही जरा..."

"सरी, बरं," चिक्कप्पा म्हणाले. "हेब्बाळच्या तळ्यावर जातो. वनस्पती आणायचीच होती."

मंडळी आली. पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाचे वडील हात धुवायला मागे गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "अहो, इकडे या, हे बघा तरी!" सगळे व्हरांड्यात गेलो. ते पेटीच्या कडेवर हात ठेवून वाकले होते. "आमच्याकडं पाण्यातली झाडं कुजतात. ही एवढी हिरवी कशी?"

"शांताच बघते सगळं," आई चटकन म्हणाली.

"हो का? खत काय घालतीस गं?" मुलाच्या आईने विचारले.

अक्काने एकदा आईकडे पाहिले. "खत नाही. आमचे चिक्कप्पा रोज त्यात श्वास फुंकतात. वडिलांचे भाऊ. त्यांना क्षय झाला होता, आता बरे आहेत. आज हेब्बाळला गेलेत."

उद्या शाळेला सुट्टी आहे असे सांगावे, तशा सुरात ती बोलली. मुलाच्या वडिलांनी पेटीवरचा हात उचलला, खिशातून रुमाल काढला आणि एकेक बोट पुसले. "कळवतो," असे म्हणून मंडळी गेली. पत्रिका जुळत नसल्याचा निरोप नंतर आला. पत्रिका आधीच जुळली होती. अक्काचे लग्न पुढे दुसरीकडे झाले.

"तुला कुणी विचारलं होतं?" दार लागताच आई म्हणाली.

"त्यांनीच, आई."

"खत विचारलं होतं!"

"तेच सांगितलं."

चिक्कप्पा संध्याकाळी आले ते भिजलेल्या पायांनी, हातात वनस्पतीचा डबा घेऊन. वडिलांनी त्यांना झाले ते दोन वाक्यांत सांगितले. ते पायरीवर बसले.

"शांते, मी दिवसभर तळ्यावर काय उगीच बसलो होतो?"

"मग पुढच्या वेळी जाऊ नका," अक्का म्हणाली.

चिक्कप्पा उठले, नळी पेटीत सोडली आणि पेटी रिकामी करायला पाणी बादलीत काढू लागले. "कचेरीजवळ एक खोली आहे," ते वडिलांना म्हणाले. "उद्या बोलून येतो. या घरात अजून एक मुलगी लग्नाची व्हायचीय." मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघायचे टाळले.

स्वयंपाकघरातून आई आली. तिने बादलीकडे पाहिले, मग नळी त्यांच्या हातातून काढून घेतली. त्या नळीला तिने त्याआधी कधी हात लावला नव्हता.

"खोली कशाला? कळायचं ते गावाला कळलं. आता व्हरांड्यात कुणासाठी बसायचं? आत या. ताट मांडलंय."

तोपर्यंत मी समजत होते की आई रोगाला भिते.

चिक्कप्पा हातपाय धुऊन आत आले आणि पंगतीच्या टोकाला, भिंतीला टेकून बसले. वडील खाली मान घालून जेवत होते. आईने चिक्कप्पांना भात वाढला, त्यावर सार वाढले. त्यांनी दोन घास खाल्ले.

"वहिनी," ते म्हणाले, "सारात मीठ स्वल्प कमी आहे."

आईचा डाव हवेतच थांबला. "आज?"

"नाही. नेहमीच असतं."

"मग इतके दिवस बोलला नाहीत ते?"

"बाहेर बसणाऱ्यानं कशी तक्रार करायची?"

आईने मिठाची वाटी त्यांच्यापुढे सरकवली.

"आता करा," ती म्हणाली.