दारावरचा खडूचा आकडा

अ‍ॅशबर्नमधलं ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही. व्हर्जिनियातल्या काउंटी पोलिसांत मी डिटेक्टिव्ह होतो. एका सकाळी ठाण्यात फोन आला. ऐंशीला टेकलेले एक रोमानियन आजोबा सहा वर्षांच्या नातीला घेऊन नाहीसे झाले होते. त्यांचा मुलगा, म्हणजे नातीचा बाप, हवालदिल झाला होता. आमच्या साहेबांच्या तोंडी मात्र एकच शब्द, अपहरण. तशी नोंद झाली असती, तर म्हातारपणी हातात बेड्या आणि नातीची ताटातूट.

मी घराची झडती घेतली. कपडे, औषधं जागच्या जागी होती. पीठ तेवढं संपलेलं आणि ओव्हन अजून कोमट. मूल पळवणारा आधी पाव भाजत बसत नाही, एवढं मला नोकरीने शिकवलं होतं.

शेजारीण नागपूरची, आयटीतली. मीही मूळचा मराठी, म्हणून तिचा जबाब मराठीतच घेतला.

"काका, मी फक्त जोक केला हो! पेंटिंगवाल्यांनी दारांवर खडूने नंबर टाकलेत ना, काल आजोबा विचारत होते, कशाला म्हणून. मी म्हटलं, उद्या आपल्या सगळ्यांना घराबाहेर काढणार आहेत!"

"मग?"

"एकदम पांढरे पडले. म्हणाले, पाव भाजून ठेव." आणि तिला रडू फुटलं.

मुलाला विचारल्यावर उलगडा झाला. कम्युनिस्ट राजवटीत रोमानियात तिमिशोआरा नावाचा प्रांत होता. पुढे तो नकाशावरून पुसला गेला. त्याच्या सीमेवरच्या गावांतली माणसं सरकारने एका उन्हाळ्यात मालगाड्यांत भरली आणि दूर उजाड माळावर नेऊन टाकली. आजोबा तेव्हा नातीएवढेच होते. त्यांच्या दारावर आदल्या दिवशी खडूने आकडा पडला होता. मक्यात लपलेलं एक कुटुंब तेवढं वाचलं.

मका! जवळच्या डेटा सेंटरच्या मागे मक्याचं एक शेत अजून शिल्लक होतं. गणवेशातल्या शिपायांना मी रस्त्यावरच थांबवलं आणि शेजारणीला पुढे केलं. आकडा रंगाऱ्यांचा आहे, माझं चुकलं, असं इंग्रजीत ओरडत ती आत शिरली. बऱ्याच वेळाने मक्याची ताटं हलली. आधी नात आली, पाव चघळत. मागून आजोबा. पिशवीतून फडक्यात बांधलेला दुसरा पाव काढून त्यांनी शेजारणीच्या हातात ठेवला.

"तुझं दार वाजवलं होतं," ते म्हणाले. "तू उठली नाहीस."

अहवालात मी 'अपहरण' लिहिलं नाही. माणूस कुठे पळाला हे शोधताना तो कशाला भ्याला हे आधी विचारावं, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्यांना घरात नेण्याआधी मी दारावरचा आकडा रुमालाने पुसला. रंगारी कुरकुरला. मी म्हटलं, "पुन्हा टाक बाबा, पण आधी बेल वाजवून आजोबांना विचार."