हिरवी सुपारी

जगात कुठंही नेऊन उभी करा, माझी बायको पाच मिनिटांत त्या गावाचा कोहमारा करते. बँकॉकच्या विमानतळाबाहेर पडलो तर समोर केवढा तरी रस्ता, त्याच्या वर आणखी एक रस्ता आणि त्याच्याही वरून रेल्वे धावते. आम्हाला घ्यायला तिथवर आलेल्या पोराला वाटलं, माय आता तोंडात बोट घालणार. मायनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोठा कोहमारा व्हय. ढाबे जास्त हायेत, बस." ज्यांनी कोहमारा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, तो आमच्या गोंदिया जिल्ह्यातला हायवेवरचा फाटा आहे. ट्रक थांबतात, लोक चहा पितात, ट्रक निघून जातात. संपला कोहमारा.

तिचं नाव सायत्रा. सध्या ती घरी नाही म्हणून हे लिहून होत आहे. असती तर खांद्यावरून वाकून विचारलं असतं, "माया नावानं का खरडून राहिले जी?" आणि वाचता येत नसतानाही दोन ओळी खोडायला लावल्या असत्या.

आमचा प्रवीण धानगिरणीच्या मशिनी बसवतो. कंपनीनं त्याला व्हिएतनामात पाठवलं, आणि त्यानं आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "बाबा, जग पाहून घ्या," म्हणाला. जग म्हणजे काय, तर धान! आमच्या गोंदियातल्या गोरेगावजवळची स्वतःची बांधी, म्हणजे धानाचं वावर, सोडून, दोन विमानं बदलून आम्ही दुसऱ्याची बांधी पाहायला गेलो. खिडकीतून धान, दारातून धान. तिकडचे लोक वर्षातून तीनदा धान घेतात. सायत्रानं तेवढंच मनावर घेतलं आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू आमच्याकडे एकदाच पिकतं तो माझा आळस.

मधे पोरानं कंबोडियातली जुनी दगडी देवळं दाखवायला नेलं. गोरे लोक माना वर करकरून फोटो काढत होते. एका देवळावर झाडाची मुळं अजगरासारखी बसली होती, भिंत कुठली आणि झाड कुठलं ते समजत नव्हतं. सायत्रा म्हणाली, "लहान होतं तवाच उपटाचं ना! एवढ्या मोठ्या राज्यात एकबी बाई नव्हती का वावर निंदाले?" तिथला गाइड प्रवीणला विचारू लागला, माताजी काय म्हणाल्या. पोरानं सांगितलं, त्यांना देऊळ फार आवडलं.

प्रवीणच्या घरामागं एका म्हातारीचं घर होतं. सुपारीची चार झाडं, एक होडी आणि दारात बसून पान चघळणारी ती. तिच्या नातीचं नाव लान. ही लान पोराच्याच गिरणीत हिशेब पाहायची. लान म्हातारीला हाक मारायची, "बा!" आमच्याकडे बा म्हणजे बाप. मी दोन दिवस त्या घरातला बाप शोधत होतो. मग कळलं की तिकडे आजीलाच बा म्हणतात. असल्या देशात सोयरीक जुळली तर उद्या नातवंडानं बा म्हटल्यावर ओ कोणी द्यायची?

सायत्राची आणि त्या म्हातारीची गट्टी पहिल्याच आठवड्यात जमली. ही आमच्या झाडीबोलीत बोलायची, ती तिच्या बोलीत. एकीचं दुसरीला काही समजत नव्हतं, त्यामुळं भांडण व्हायचा प्रश्नच नव्हता. नवरा-बायकोलाही अशी सोय पाहिजे होती.

मला दिसत नव्हतं असं नाही. लान संध्याकाळी मासळीचं कालवण घेऊन यायची आणि आमचा पोरगा, जो गोरेगावात हसायला तयार नसायचा, तो वाटी परत द्यायला जाऊन तासभर हसत बसायचा. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, तुझ्यासाठी कामठ्याची पोरगी पाहिली आहे. माझा चुलतभाऊ सदा मधे होता. पोरगी शिकलेली, आपल्या गोताची, तिचा बाप मला ओळखणारा. प्रवीण मान खाली घालून म्हणाला, "बाबा, मले लानसंगंच लगन कराचं हाय." मी म्हटलं, "मी जिता हाय तोवर नाही." विषय संपला. मी असाच विषय संपवतो.

सायत्रानं मला एका शब्दानं विरोध केला नाही. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसलं, बाजारातून पानं आणि सुपाऱ्या आणल्या, ताटात मांडल्या, वरून रुमाल झाकला आणि भर दुपारी म्हातारीच्या अंगणात जाऊन ते ताट तिच्यापुढं ठेवलं. बस. म्हातारीनं रुमाल उचलला, पाहिलं, आणि घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. काका आले, मामा आले, शेजारी आले. म्हातारीनं ताटातलं एक पान खाल्लं आणि आपल्या झाडाची एक हिरवी सुपारी तोडून सायत्राच्या पदरात टाकली.

प्रवीण धावत घरी आला. "माय, काय केलंस हे? इथं पोराकडची बाई पान-सुपारी घेऊन गेली तं सोयरीकच मागतली, असं असते!"

"अन् आपल्याकडं का असते?" सायत्रानं विचारलं.

"आपल्याकडंबी तेच."

"मंग यात समजाले का हाय?"

मी ओरडलो, "काऊन गेलीस मले न विचारता?"

"पान खाले गेलो होतो जी. पान खाले विचारा लागते का?"

पण मीही कायदा जाणतो. सुपारी घेतल्यानं काही होत नाही, फोडावी लागते. आणि ती वरबापानंच फोडायची असते. मी तिला सांगून टाकलं की ही सुपारी मी फोडणार नाही. तिनं बरं म्हटलं आणि सुपारी माझ्या जेवायच्या जागेसमोर, फळीवर ठेवली. रोज जेवताना ती मला दिसायची. रोज सायत्रा म्हणायची, "सुकून राहिली. हिरवी हाय तोवर चाकूनं फुटते. मंग अडकित्ता लागन, अन् अडकित्ता तं गोरेगावले राह्यला." मागच्या घरातून म्हातारी आमच्या दाराकडे पाहायची. लान यायची बंद झाली. पोरगा अर्धं जेवून उठायचा. मी पूर्ण जेवत होतो.

सुपारीची साल पिवळी पडायला लागली त्या दिवशी सकाळी सायत्रानं सदाला फोन लावला आणि आवाज मोठा करून तो मी बसलो होतो तिथंच ठेवला. सगळी हकीकत सांगितली. तिकडून सदा हसला.

"वहिनी, काई होत नाही, भिऊ नका. कामठ्याच्या पाहुण्याले मी शब्द देल्ला हाय. भाऊची का हिंमत हाय माया शब्दाच्या बाहेर जाची? मी जसं म्हणीन तसं करतात ते."

हा सदा! ज्याला सायकल मी शिकवली, ज्याचं लग्न मी जुळवलं, जो माझ्यासमोर यायच्या आधी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकून येतो!

सायत्रानं फोन मुद्दाम लावला हे मला कळलं नाही असं कोणी समजू नये. चाळीस वर्षं झाली. मी तिचं कधीच ऐकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मला काही करायला लावायचं असलं की ती स्वतः गप्प बसते आणि नको म्हणणारा एखादा माणूस आणून माझ्यापुढं उभा करते. सगळं कळलं. तरी राग सदाचाच आला. त्याला इलाज नाही.

मी उठलो, सुपारी घेतली, चाकू घेतला, आणि तरातरा म्हातारीच्या अंगणात गेलो. मागून सायत्रा, हातात चालू फोन. मागून पोरगा, एका पायात चप्पल. मी ओट्यावर सुपारी ठेवली आणि एका घावात फोडली. अर्धी म्हातारीला दिली. तिनं दुसऱ्या अर्धीला पान-चुना लावून ती माझ्या तोंडात कोंबली.

ओली सुपारी काय असते ते मला माहीत नव्हतं. कान तापले, घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं, अंगण फिरायला लागलं आणि मी होतो तिथंच खाली बसलो. काका-मामांना वाटलं, वरबापाला आनंद आवरत नाही. म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. लान दारात उभी राहून रडत होती. फोनमधून सदा ओरडत होता, "हॅलो! वहिनी! भाऊले द्या! भाऊ काऊन बोलून नाही राहिले?"

"तुमच्या भावाचं तोंड भरलं हाय," सायत्रा म्हणाली. "कामठ्याच्या पाहुण्याले सांगून द्या भाऊजी, सुपारी फुटली."