लसीवर मिक्सर

रेणुकाबाई कन्नड मुलखातल्या हुलसूरच्या बाजूच्या आमच्या मराठी गावात बारा वर्षं आशा कार्यकर्ती म्हणून काम करतात. त्यांच्या सासऱ्यांची उभी हयात मेंढरांमागं रानोमाळ गेली. चालायची सवय घराण्यातच आहे, असं त्या सांगायच्या. २०२१च्या एप्रिलात कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा त्या दिवसाला साठ-साठ घरं फिरत होत्या आणि लस घ्यायला कुणी तयार होत नव्हतं.

मग वरून फर्मान आलं. लस घेईल त्याला कूपन, शनिवारी सोडत, पहिलं बक्षीस मिक्सर, बाकीची स्टीलचे डबे. मंडप पडला, भोंगा लागला, लोक आले. रेणुकाबाईंनी शेजारच्या नागूबाईंना हाताला धरून रांगेत आणलं. साठी उलटलेल्या नागूबाई म्हणाल्या, "मिक्सर लागला तर तूच घेऊन जा बाई. मला पाट्यावरचीच चटणी बरी."

मंडपाच्या पाठीमागंच गावचा सरकारी दवाखाना. चार खाटा, दोन ऑक्सिजनची सिलिंडरं, दोन्ही रिकामी. नर्सची जागा दीड वर्षापासून मोकळी, म्हणून खाटांच्या खोलीला कुलूप.

लस घेतल्यावर नवव्या दिवशी नागूबाईंना ताप भरला, अकराव्या दिवशी दम लागला. एका डोसानं एवढ्या लवकर ताकद येत नाही, हे रेणुकाबाईंनी घरोघरी सांगितलं होतं. त्यांनी आणि नागूबाईंचे मालक भगवानराव यांनी आजारी बाईला ऑटोत घातलं. तालुक्याला खाट नव्हती. जिल्ह्याला दवाखान्याच्या दारात दुपारी एकपासून पाचपर्यंत ऑटो उभा राहिला. नागूबाई ऑटोतच गेल्या.

गावानं एकच अर्थ काढला: लस दिली अन् बाई मारली. दुसऱ्या दिवशी लसीच्या टेबलाकडं कुणी फिरकलं नाही. दोन घरांनी तर रेणुकाबाईंच्या तोंडावर दार लावलं.

लसीकरणाच्या आढाव्याला तालुक्याचे साहेब आले. आकडा का पडला, असं त्यांनी कन्नडात विचारलं. रेणुकाबाई उभ्या राहिल्या. "साहेब, लोक लसीला न्हाई भ्यायलेत. आजारी पडलं तर कुठं जावं, ह्याला भ्यायलेत. एक नर्स द्या, सिलिंडर भरून द्या. बक्षीस नको, मी मानसं आनते."

साहेब चिडले नाहीत, हेच रेणुकाबाईंना जास्त लागलं. साहेब शांतपणे म्हणाले, "अक्का, बक्षिसाचा निधी लसीसाठीच आलाय. तो खाटांवर खर्च करता येत नाही. ते खर्चाचं हेड वेगळं." आणि कारकुनाकडं वळून म्हणाले, "मिक्सरनं जमत नसेल तर फ्रीज ठेवा."

फ्रीज आला. मंडपात आठवडाभर झाकून राहिला. रांगेत सहाजण.

त्या आठवड्यात भगवानराव स्वतःहून रेणुकाबाईंच्या दारात आले. "लशीनं न्हाई गेली ती. खाट नव्हती म्हनून गेली. मी डोळ्यानं बघितलंय. चल, मी सांगतो लोकाला."

दोघं दारोदार फिरले. ज्याच्या घरातलं माणूस गेलं तोच लसीला दंड पुढं करतोय म्हटल्यावर लोक दार उघडायचे. पंधरा दिवसांत एकशे चाळीस जणांनी लस घेतली. वरच्या अहवालात त्याचं श्रेय फ्रीजला गेलं. रेणुकाबाईंनी तो कागद वाचला आणि चुरगाळून टाकला.

नर्स आली ती ऑगस्टात. तोवर लाट ओसरली होती, चारी खाटा रिकाम्या होत्या. आमच्याच जिल्ह्यातल्या मेहकरची प्रतीक्षा, चोवीस वर्षांची पोर. पहिल्याच दिवशी रेणुकाबाई तिच्यावर खेकसल्या, "आता कामून आलीस? कुनासाठी?"

पोरगी खाली बघत म्हणाली, "अक्का, माझी ऑर्डर मार्चातच निघाली होती. कुन्या टेबलावर पडली होती मला ठावं न्हाई. मला मागच्या सोमवारी फोन आला."

रेणुकाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या, आणि आत प्रतीक्षा खाटांवरची धूळ झटकत राहिली.