खुणेच्या वर चढलेलं ऑइल

आमच्या घरात ट्रकचं ऑइल किलोमीटर बघून नाही, सणवार बघून बदललं जायचं. शिमग्याच्या आधी एकदा, आंब्याचा हंगाम उतरल्यावर एकदा, गणपतीच्या तोंडावर एकदा आणि दिवाळीला एकदा. हा नियम सासऱ्यांचा. त्यांनी तीस वर्षं चिऱ्यांचा ट्रक चालवला आणि एवढ्या वर्षांत इंजिन एकदाही खोलावं लागलं नाही, असं ते सांगतात. एकदा खोललं होतं, असं सासूबाई सांगायच्या. सासूबाई गेल्या आणि तो वाद सासरे जिंकले.

ऑइल बदलायच्या दिवशी घरात जवळजवळ कार्यच असे. सासरे लवकर आंघोळ करून, ट्रकला हळदकुंकू लावून घरापुढच्या खळ्यात उभे राहत आणि वाडीतली माणसं रिकामे डबे घेऊन येत. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल वाशांना आणि कुंपणाच्या खांबांना फासलं की वाळवी लागत नाही. वाडीतले अर्धे गोठे आपल्या इंजिनामुळे उभे आहेत, असं सासरे गंभीरपणे म्हणत.

मग काचबिंदूनं त्यांची नजर गेली. अगदी सगळी नाही. कुणीतरी आलं एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. ट्रक आमच्या ह्यांच्या हातात आला आणि सासऱ्यांकडे एकच काम उरलं, रोज सकाळी ऑइल बघायचं. बघायची अर्थात मी. इंजिन गार असताना डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची खुणेची पट्टी, ओढायची, पुसायची, परत घालून काढायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पानावर एक थेंब टाकून ते पान पडवीत न्यायचं. सासरे ते डोळ्यांजवळ धरत.

"काय गो, खुणेच्या किती खाली?"

"तांदळाच्या दाण्याएवढं."

"मधी कसा हाय? कडेला?"

"मध्ये काळं. कडेला पिवळं नाही."

मग सगळं स्वतःच पाहिल्याच्या थाटात ते निकाल देत, "आज जाऊ दे." पाच मिनिटांचं काम, पण त्यासाठी ते दाढी करून बसलेले असत. त्यांचा दिवस तिथून सुरू होई. ते काम त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ नये, असं मला मनापासून वाटे.

गेल्या दिवाळीला आमच्या ह्यांना सुधारणेचा झटका आला. त्यांनी सिंथेटिक ऑइल आणलं. त्याचा रिकामा डबासुद्धा महिनाभर ओटीवर पाहुण्यांना दिसेल असा ठेवला होता. त्याच आठवड्यात एका मिस्त्रीकडून इंजिनातल्या डिझेल पंपाची सेटिंगही वाढवून घेतली. आंबा घाटात चिरे भरलेल्या आमच्या गाडीला मागच्या गाड्या हॉर्न मारत पुढे जातात, ते ह्यांच्या फार मनाला लागलं होतं. सेटिंग वाढवली की इंजिनात जास्त डिझेल जातं आणि गाडी चढाला जोरात ओढते. आता जेवताना रोज घाट. मी आयुष्यात ट्रक चालवलेला नाही, पण त्या घाटातलं कुठलंही वळण मी झोपेतून उठून सांगेन.

"आता ऑइल दुप्पट चालणार, बाबा. डब्यावरच लिहिलंय," हे म्हणाले. "शिमग्याला बदलायची गरज नाही. रोज बघायचीही गरज नाही. तुम्ही आराम करा."

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला ह्यांचा राग आला. ह्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून तर जास्तच आला.

चार-सहा आठवडे मी ती वाढलेली दाढी बघितली. मग एका सकाळी पट्टी ओढली आणि थेंब घेऊन पडवीत गेले.

"बघायचा न्हाय म्हनलाय ना तो?" सासरे म्हणाले.

"ते न्हाणीत आहेत," मी म्हटलं.

ह्यांना आंघोळीला फार वेळ लागतो, पूर्वीही थेंब बघायच्या वेळी हे न्हाणीतच असत. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याचा मला उपयोग झाला. पडवीला लागूनच न्हाणी, त्यामुळे आम्ही दोघं कुजबुजल्यासारखं बोलायचो आणि पाणी ओतल्याचा आवाज थांबला की मी पान घडी करून कमरेला खोचायची.

पहिल्या दिवशी ऑइल बरोबर खुणेवर होतं. आठवड्यानं ते खुणेच्या वर दिसलं. माझंच पुसायचं चुकलं असेल, असं मला वाटलं. पण त्याच दुपारी जेवताना ह्यांनी अभिमानानं जाहीर केलं, "आज पट्टी बघितली. एवढी गाडी पळवली, पण ऑइल थेंबभर कमी नाही. उलट वाढलंय. ह्याला म्हणतात सिंथेटिक."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "ऑइल वाढतां म्हंजे काय? म्हस हाय काय ती, पान्हा सोडायला?"

"तुमच्या वेळचं ऑइल नाही हे, बाबा," हे म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी थेंब बोटांत चोळला, नाकाशी नेला. "कडेला पिवळा हाय काय गो?" होतं. काळ्या ठिपक्याभोवती पिवळट कडं उमटलं होतं. "डिझेल हाय त्यात," ते म्हणाले. पंप पाठवतो तेवढं डिझेल जळत नाही, उरलेलं झिरपून खाली ऑइलमध्ये उतरतं, म्हणून ऑइल वाढतं आणि पातळ होतं, असं त्यांनी मला समजावलं. "ऑइल चांगलाच हाय. पन दूध कितीबी चांगला असला, तरी पानी घातल्यावर पातळच ना?" मग त्यांचा आवाज खाली आला. "तू सांग त्याला. मी सांगितलेला तो ऐकायचा न्हाय. म्हन, तूच बघितलंस."

मी ते पान ह्यांच्या चहाशेजारी ठेवलं. "बाबांनी बघितलंय. ऑइलमध्ये डिझेल उतरतंय."

"बाबांना दिसतं कुठे?" हे म्हणाले. पडवीतली खुर्ची करकरायची थांबली.

"मला दिसतं, पण कळत नाही," मी म्हटलं. "त्यांना दिसत नाही, पण कळतं. तुम्हाला दिसतंही, आणि..." पुढचं मी बोलले नाही. बायकोनं कुठे थांबावं, ते मला कळतं.

ह्यांनी पान उचललं, वास घेतला आणि गाडी मिस्त्रीकडे नेली. तिथून आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. अजून थोडे दिवस तसंच चालवलं असतं तर बेअरिंगं गेली असती, आणि तीही आंब्याची भाडी सुरू व्हायच्या तोंडावर. सेटिंग खाली आणली, ऑइल बदललं. सिंथेटिक पूर्वीच्या ऑइलपेक्षा जास्त चालेल, पण डब्यावरचा आकडा हात न लावलेल्या इंजिनासाठी असतो, चिरे भरून घाट चढणाऱ्या गाडीनं त्याच्या आधीच बदलायचं, असं मिस्त्री म्हणाला. हे आम्हाला ते स्वतःचंच मत असल्यासारखं सांगत होते. वाडीतल्या एकानं मात्र ह्या वेळी मिस्त्रीकडून आणलेलं जळकं ऑइल पातळ आहे, अशी तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खळ्यात गेले तर पट्टी ह्यांच्या हातात. थेंब टाकलेलं पान घेऊन हे पडवीत गेले. सासरे दाढी करून बसले होते. त्यांनी पान डोळ्यांजवळ धरलं. आता हे नुसते उभे राहणार, असं वाटून मी पुढे झाले. पण हे पायरीवर बसले आणि कुणी न विचारता हळू आवाजात म्हणाले, "खुणेच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढं. मध्ये काळं. कडेला पिवळं नाही."

ते माझेच शब्द होते, त्याच क्रमानं. म्हणजे न्हाणीत सगळं ऐकू येत होतं.

सासऱ्यांनी पान घडी करून मांडीवर ठेवलं. "जा," ते म्हणाले. "घाटात दाबू नको जास्त."

माझी नोकरी गेली. मी कपडे वाळत घालायला मागीलदारी गेले आणि दोरीपाशी उभी राहून थोडी रडले.