झुमरेताने बोलावलेली मोबा

झुमरेता हट्टी आहे, हे तिच्या सासूने लग्नाच्या आठवड्यातच गावभर करून टाकलं होतं. गावाने ते हसण्यावारी नेलं. द्रिना नदीच्या वरच्या अंगाच्या त्या डोंगरगावात हट्टी नाही असं होतंच कोण? मग युद्ध आलं. नवऱ्याला, हसीबला, बंदूकवाले घेऊन गेले ते गेलेच. घर जळालं. झुमरेताने पुढची वर्षं तूझ्ला शहरातल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत, चादरीच्या आडोशाला काढली. गाठोड्यात हसीबचा एक पांढरा सदरा होता. दर ईदेला ती तो धुऊन इस्त्री करी.

"आल्यावर घालेल काय तो?" ती शेजारणींना विचारी.

युद्ध थांबल्यावर सहा वर्षांनी ती गावी परतली, तेव्हा घर म्हणजे चार काळ्या भिंती होत्या. एका परदेशी संस्थेने लाकूड, कौलं, खिळे असं सगळं आणून दिलं. संस्थेच्या बाईंनी विचारलं, "घरात राहणार कोण कोण?"

"दोघं. मी आणि हसीब."

बाईंनी वहीत 'दोघं' असं लिहिलं. मग म्हणाल्या, "आई, या गुरुवारी मी बघायला येईन. तोवर छप्पर चढलेलं नसेल, तर हा माल वरच्या गावाला द्यावा लागेल. बर्फाच्या आत कुणाचं तरी घर उभं राहायला हवं."

बाईंचंही खरं होतं. माल देणाऱ्यांनी धरलं होतं की छप्पर चढवायला गाव येईल. पूर्वी येतच असे. त्याला मोबा म्हणत, अगदी आपलं इर्जिकच. ज्याचं काम त्याने हाक द्यायची, पोटभर जेवू घालायचं, मजुरीचं नावही काढायचं नाही. पण त्याच हंगामात दुसऱ्या एका संस्थेने रोजावर रस्ता साफ करायला घेतला होता. दोन्हीकडची मनं चांगली, फक्त एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. रोज मिळत असताना फुकट कामाला कोण येणार? मधल्या मध्ये मोबा मेली.

म्हाताऱ्या मेहो सुताराने तुळया कापून, खाचा पाडून तयार ठेवल्या होत्या. झुमरेताने रविवारची हाक दिली. आदल्या दिवसापासून कणीक मळली, टेबलाएवढी पोळी कापडासारखी पातळ ताणली, चीज भरून गुंडाळली आणि सिर्नीत्साच्या तीन पराती भाजल्या. रविवारी सकाळी आला एकटा मेहो.

"बाकीचे?"

"रस्त्यावर. आज रविवारचाही रोज देतायत म्हणे." मेहोने टोपी काढून डोकं खाजवलं. "वहिनी, मी आणि तू मिळून तुळई चढवायची म्हणजे..."

"तू बस. कॉफी घे."

दुसरी एखादी रडली असती. झुमरेतालाही रडू येत होतं, मी खोटं कशाला सांगू? पण तिने पराती हातगाडीवर ठेवल्या, वर फडकं टाकलं आणि उतारावरून थेट रस्त्याचं काम गाठलं. दुपारची सुट्टी नुकतीच झाली होती. बाप्ये फावडी टेकवून कोरडा पाव चावत बसले होते.

"अरे वा, वहिनी! कुणाचं बारसं?"

"खा मुकाट्याने. गार होतंय."

ते तुटून पडले. पराती चाटूनपुसून साफ झाल्यावर नझीफ नावाचा दांडगा गडी, हसीबचा चुलतभाऊ, मिशा पुसत म्हणाला, "झकास! पण वहिनी, ही सिर्नीत्सा कसली?"

"मोबेची."

सगळे हात जागच्या जागी थांबले. मोबेचं अन्न पोटात घालून काम न करणारा माणूस त्या खोऱ्यात अजून जन्माला यायचा होता.

"फसवलंस गं, भवाने!"

"मी वाढलं. खाल्लं तुम्ही."

नझीफ आधी चिडला, मग हसत सुटला. मुकादम ओरडला, "जाल तर रोज कापीन!"

"काप! पोटातलं काही तुला काढता येणार नाही," नझीफ म्हणाला आणि फावडं टाकून चढण चढू लागला. बाकीचे त्याच्यामागून निघाले.

अंधार पडायच्या आत आढं बसलं. आता आहेराची वेळ. आढ्याला दोरी बांधायची, तिच्यावर ज्याने त्याने सुतारासाठी टॉवेल नाहीतर सदरा टाकायचा आणि सुताराने वरून देणाऱ्याचं नाव डोंगराला ऐकू जाईल असं पुकारायचं. बायकांनी घरून टॉवेल आणले. मेहो एकेक नाव पुकारत होता. शेवटी झुमरेताने पांढरा सदरा वर दिला.

मेहोने तो ओळखला. "वहिनी, हा मला कसा..."

"घराच्या धन्याने द्यायचा असतो ना मानाचा आहेर? मग पुकार त्याचं नाव."

मेहोने सदरा दोरीवर टाकला. मग तो जीव खाऊन ओरडला, "हसीबकडून! या घराच्या धन्याकडून!"

खाली झुमरेता सगळ्यांदेखत रडली. कुणी तिला गप्प केलं नाही. रडून झाल्यावर तिने वर बघून सांगितलं, "आणि घाल तो, मेहो. पेटीत ठेवायला नाही दिलेला."

सोमवार-मंगळवारात कौलं चढली. गुरुवारी बाई आल्या तेव्हा चूल पेटलेली होती आणि दारात मेहो कॉफी पीत बसला होता, सदऱ्याच्या बाह्या त्याला आखूड होत होत्या. बाई समाधानाने हसल्या. "छान झालं, आई. दोघंच राहणार ना?"

"नाही," झुमरेता म्हणाली. "मी एकटी."