कागदावरचे खांब

काल शेजाऱ्यांनी चुना लावला (भिंतीला, मला नव्हे), आणि त्या ओल्या वासासरशी मी थेट योकोहामात जाऊन पडलो. काही वर्षांपूर्वी मी तिथे, जपानात, आयटीत होतो. एका रविवारी आम्ही नवराबायको जुन्या युरोपीय नाटकांच्या नेपथ्याची चित्रं पाहायला गेलो. वीतभर कागदावर कमानीमागे कमानी, खांबामागे खांब, पार क्षितिजापर्यंत! शपथेवर सांगतो, आतून गार वारा आणि चुन्याचा वास येत होता. दिवसभर घरात एकटी असणारी माझी बायको सुनंदा चित्राकडे बघत पुटपुटली, "जाते मी."

आपल्यात निघताना कुणी 'जाते' म्हणतं? ती रोजच थोडी थोडी जात होती, हे आता कळतं. तेव्हा नुसता घाबरलो, तिचं मनगट धरलं.

"अगं, येते म्हण!"

"येते हो," ती हसली.

ओठ माझ्यासमोर हलले. आवाज मात्र चित्रातल्या शेवटच्या कमानीतून घुमत आला.