फांद्या असलेली नळी

अकोल्याच्या दवाखान्यात एक माळी माझ्यासमोर बसला होता. नाव मी विचारलं नाही. माझ्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली होती. फुटली तर जागेवर मरण. तरी पोट फाडू देणार नाही म्हणून मी अडून बसले होते. त्याचं दुखणं तेच, पण ऑपरेशन झालेलं.

"टाके दाखव," मी म्हटलं.

त्याने सगळ्यांदेखत सदरा वर केला. पोट कोरं! टरबूज ठोकावं तसं त्याने ते ठोकलं.

"जांघेतून नळी सरकवली, मावशी. आत जाऊन उघडली. तिले फांद्या हायेत. पायाले, कमरेले, सगळीकडं रक्त जाते."

मी बघतच राहिले.

"पोट हाये, सिनेमा नोहे!" तो हसला.

मी शेजारी बसलेल्या माझ्या मुलाला म्हटलं, "जाय, डॉक्टरले सांग, बुढी तयार हाये."